सव्वीस किलोमीटर कमी

दोन विमानतळांमधलं अंतर ही माणसाच्या इच्छेपलीकडची गोष्ट आहे. डोंगर झिजतात, नद्या पात्र सोडतात, मंत्र्यांची खाती बदलतात, सख्खे भाऊ एकमेकांचं तोंड बघेनासे होतात. पण एका धावपट्टीपासून दुसऱ्या धावपट्टीपर्यंतची जमीन काल जेवढी होती तेवढीच आज असते आणि उद्याही तेवढीच राहणार. या सत्यापुढे लहानथोर सगळे सारखे. निदान वजनमाप महामंडळात त्या सोमवारी सकाळी अकरापर्यंत तरी असं मानलं जात होतं. अकरा वाजून पाच मिनिटांनी मोठ्या साहेबांचा शिपाई तिसऱ्या मजल्यावर आला आणि म्हणाला, की साहेबांना अंतर जरा कमी पडतंय.

वजनमाप महामंडळाचं काम म्हणजे दुसऱ्याच्या मापावर विश्वास न ठेवणं. महामंडळाचे निरीक्षक पितळी वजनांची पेटी घेऊन दुकानोदुकानी फिरत, किलोमागे दहा ग्रॅमची खोट सापडली तरी दुकानदाराचा तराजू उचलून आणत आणि वर त्याची पावतीही देत. जी संस्था साखरेच्या पुड्यावर विश्वास ठेवत नाही ती विमान कंपनीच्या वेळापत्रकावर कशी ठेवणार? कंपन्या वेळापत्रकात वेळ फुगवून लिहितात, म्हणजे विमान उशिरा निघालं तरी वेळेवर पोचल्यासारखं दिसतं, असं एक परिपत्रक बारा वर्षांपूर्वी निघालं होतं. कमी वजनाला न फसणाऱ्या संस्थेनं जास्त वेळेला तरी का फसावं, असा त्यात खडा सवाल होता. तेव्हापासून महामंडळातल्या कोणालाही कामासाठी वा रजेवर विमानानं जायचं असलं, की त्या प्रवासाचं अंतर आणि उड्डाणाचा कालावधी महामंडळ स्वतः मोजे. परिपत्रक लिहिलं होतं आजच्या मोठ्या साहेबांनी. तेव्हा ते मोठे नव्हते, म्हणून कडक होते.

हे मोजण्यासाठी जो अंतर विभाग होता, तो म्हणजे पाण्याच्या टाकीखालची एक खोली, एक कपाट, एक पोचा आलेला पृथ्वीगोल, एक संगणक, एक जाडजूड नोंदवही आणि एक बाई. बाईंचं वय त्रेपन्न. सगळं ऑफिस त्यांना पाठीमागे अंतरबाई म्हणे आणि तोंडावर नुसतं बाई. बावीस वर्षं त्या त्याच खुर्चीत बसत होत्या. खुर्चीचा एक पाय आखूड होता; त्याखाली त्यांनी घडी घातलेला कागद ठेवला होता आणि दर वर्षी तो बदलत. माप घेणाऱ्यानं स्वतः डगमगू नये एवढीच त्यांची अपेक्षा.

रीत ठरलेली होती. प्रत्येक विमानतळाला धावपट्टीच्या मध्याजवळ एक ठरवून दिलेला बिंदू असतो. एका बिंदूपासून दुसऱ्या बिंदूपर्यंत पृथ्वीच्या पाठीवरून सर्वांत जवळची रेघ काढायची, किलोमीटर मोजायचे, आठशेनं भागायचं आणि वर अर्धा तास धरायचा, चढायला आणि उतरायला. मिनिटाखालचे सेकंद सोडून द्यायचे. आलेला आकडा निळ्या शाईनं वहीत लिहायचा आणि खाली सही. वाऱ्याला, पावसाला, वैमानिकाच्या मूडला यात जागा नव्हती. रीत फार बरोबर होती असा बाईंचाही दावा नव्हता. त्यांचं म्हणणं एवढंच, की ती सगळ्यांना सारखीच चूक होती.

आता मोठ्या साहेबांना कुठल्याशा दूरच्या शहरात भाषण द्यायला जायचं होतं. विषय होता ‘व्यवहारातील चोख माप’. प्रवास नियमावलीच्या एकोणिसाव्या कलमात लिहिलं होतं, की उड्डाण चार तास किंवा त्याहून जास्त असेल तर संचालकाला विमानाच्या पुढच्या भागातली, मागे झुकणारी रुंद खुर्ची मिळेल. चार तासांहून कमी असेल तर चारचौघांसारखी. बाईंनी मोजलं तेव्हा अंतर भरलं दोन हजार सातशे चौऱ्याहत्तर किलोमीटर आणि वेळ तीन तास अठ्ठावन्न मिनिटं. खुर्ची झुकायला सव्वीस किलोमीटर कमी पडत होते.

साहेबांची पाठ ठणठणीत होती. दुखणं वेगळ्याच जागी होतं. साहेबांचे साडू कुठल्याशा खासगी कंपनीत होते आणि ते नेहमी पुढच्या खुर्चीत बसूनच प्रवास करत. नुसते बसत नसत, तर पाय लांब करून पायांचा फोटो काढत आणि घरच्या सगळ्या मंडळींना पाठवत. त्या पायमोज्यांकडे साहेब सहा वर्षं मुकाट बघत आले होते. यंदा त्यांनी मेहुणीच्या घरी, भरल्या ताटावर, सहज बोलल्यासारखं सांगून टाकलं होतं, की आपल्यालाही आता पुढंच बसावं लागतं, नियमच आहे तसा. साडूंनी फोटोची वाट बघतो म्हणून सांगितलं. बोललेला शब्द आणि सुटलेला बाण यांच्यात एवढाच फरक, की बाण साडूपर्यंत पोचत नाही.

हे सगळं शिपायानं सांगितलं नाही. ते तथास्तूंनी सांगितलं. तथास्तू म्हणजे उपसंचालक; साहेबांच्या कुठल्याही वाक्याचा शेवट होण्याआधी मान हलवायची त्यांची सवय होती, म्हणून हे नाव. ते दुसऱ्या दिवशी जिना चढून स्वतः वर आले, धापा टाकत बाईंच्या समोरच्या स्टुलावर बसले आणि पृथ्वीगोल उगाच फिरवत म्हणाले, की बाई, पृथ्वी एवढी मोठी, तिच्यात सव्वीस किलोमीटर म्हणजे काय?

बाई म्हणाल्या, “दहा ग्रॅम म्हणजे काय, हे आपण दुकानदाराला सांगतो ना, तेच.”

तथास्तू हसले. मग त्यांनी खिशातून कागद काढला. रात्रभर विचार केला होता बिचाऱ्यांनी. पहिली सूचना अशी, की धावपट्टीच्या मध्यापासून कशाला मोजायचं, अलीकडच्या टोकापासून पलीकडच्या टोकापर्यंत मोजावं. बाईंनी मोजून दाखवलं. जेमतेम चार किलोमीटर वाढले. दुसरी सूचना, की विमानाला सरळ जाऊ देतात कुठं, वळसे असतात. बाईंनी नियमावलीतलं सर्वांत जवळच्या रेघेचं वाक्य बोटानं दाखवलं. तिसरी सूचना तथास्तूंनी हुकमाच्या पानासारखी शेवटी ठेवली होती. प्रवास खरा सुरू होतो तो ऑफिसच्या फाटकापासून, आणि फाटकापासून विमानतळ एकतीस किलोमीटर. म्हणजे सव्वीस जाऊन वर पाच उरतात.

“साहेब फाटकापासून उडत नाहीत,” बाई म्हणाल्या.

तथास्तू खाली गेले. दुपारी पुन्हा आले. साहेबांनी चहाला बोलावलंय म्हणाले. बावीस वर्षांत बाईंना त्या केबिनमध्ये कोणी चहाला बोलावलं नव्हतं, त्यामुळे तो चहा कितीला पडणार याचा अंदाज त्यांना जिन्यातच आला.

साहेब फार गोड बोलले. बाईंच्या कामाचं कौतुक केलं, खिडकी लहान आहे का विचारलं, टाकी गळते का विचारलं. गळत होती. मग म्हणाले, की माणसानं आयुष्यात थोडं लवचीक असावं. बाईंनी चहा संपवला, कप बशीत नीट ठेवला आणि सांगितलं, की रबराची मोजपट्टी दुकानात सापडली तर आपण ती जप्त करतो. साहेबांचा चेहरा बशीसारखा सपाट झाला.

घरी बाईंचे यजमान शिंपी होते. पुढच्या खोलीत त्यांचं मशीन, भिंतीवर खडूच्या खुणा, गळ्यात टेप. गिऱ्हाईक आलं की घर आपसूक मागच्या खोलीत सरके. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, तोंडातली टाचणी काढली आणि आपल्या धंद्यातला दाखला दिला. कोणताही शहाणा शिंपी शिवणीत दोन बोटं कापड सोडतोच. गिऱ्हाईक सुटतं, पोट वाढतं, लग्न ठरतं; मग तेवढं उसवून सैल करता येतं. माप पण राहतं आणि माणूसही राहतो. तुझ्या त्या वहीत दोन बोटं कुठंच नाहीत का?

“पृथ्वीला शिवण नाही,” बाई म्हणाल्या.

यजमानांनी टाचणी पुन्हा तोंडात धरली. तीस वर्षांच्या संसारात टाचणी कधी तोंडात धरायची हे त्यांना चांगलं कळलं होतं.

बुधवारी तथास्तूंना नवी कल्पना सुचली, आणि ती खरोखरच बरी होती. अंतर ताणत नसेल तर वेग कमी करावा. आठशे हा आकडा काही वेदवाक्य नाही. सातशे नव्वदनं भागलं तर तेच अंतर चार तासांवर जातं. विमानं काय, माणसांसारखीच वयानं मंद होत असतील. बाई आता उसळणार म्हणून ते स्टुलाच्या कडेवर बसले होते. पण बाई वही चाळत म्हणाल्या, की हे करता येईल. वेग ठरवण्याचा अधिकार संचालकांचाच आहे. साहेबांनी लेखी द्यावं, मी उद्या सकाळी करून आणते.

तथास्तू दोन दोन पायऱ्या एकदम उतरले. ऑफिसमध्ये बातमी पसरली, की अंतरबाई नमल्या. कँटीनमध्ये काहींना वाईट वाटलं, काहींना बरं, आणि आवक विभागातला एक जण म्हणाला, की शेवटी पाण्यात राहून माशाशी वैर कोण करतं. साहेबांनी तासाभरात लेखी दिलं.

गुरुवारी दहा वाजता बाई केबिनमध्ये आल्या, त्या एकट्या नव्हेत. त्यांच्या मागे शिपाई फायलींची ढकलगाडी ढकलत होता. गाडीवर एक्केचाळीस फायली होत्या.

साहेबांनी विचारलं, की हे काय.

बाईंनी शांतपणे सांगितलं. वेग बदलला की सगळ्यांचाच बदलतो. वहीतल्या सगळ्या नोंदी त्यांनी रात्री नव्यानं मांडल्या होत्या. गेल्या सात वर्षांत ज्यांचे अर्ज मिनिटा-दोन मिनिटांवरून नाकारले गेले, ती ही एक्केचाळीस माणसं. कोणाची प्रवासानंतरची विश्रांतीची सुटी, कोणाचे रजेला जोडून मिळणारे प्रवासाचे दिवस. एक निरीक्षक परगावी जाऊन त्याच दुपारी बाजार तपासायला उभा राहिला आणि भोवळ येऊन बटाट्यांच्या ढिगावर पडला होता. सातशे नव्वदच्या वेगानं हे सगळे पात्र ठरत होते. तेव्हा साहेबांच्या फायलीबरोबर याही एक्केचाळीस फायलींवर सही व्हावी. चूक झाल्याचं पत्र प्रत्येकाला जावं, एवढंच.

साहेब फायली चाळू लागले. सतराव्या फायलीवर थांबले. वर बाईंचंच नाव होतं.

चार वर्षांपूर्वी बाईंचे वडील दूरच्या शहरात भावाकडे शेवटच्या दुखण्यात होते. आईवडील अत्यवस्थ असले आणि उड्डाण दोन तासांचं किंवा जास्त असलं, तर रजेला प्रवासाचे दोन दिवस जोडून मिळत. बाईंनी स्वतःच्याच अर्जासाठी स्वतःच अंतर मोजलं होतं : अकराशे चौऱ्याण्णव किलोमीटर, एक तास एकोणसाठ मिनिटं. तसंच लिहिलं होतं. साहेबांनी शेरा मारला होता, ‘एक मिनिट कमी म्हणजे कमी. नामंजूर.’ बाई चौथ्या दिवशी कामावर हजर झाल्या. वडील पाचव्या दिवशी गेले. त्याबद्दल त्या ऑफिसात कधी अवाक्षर बोलल्या नव्हत्या, आणि आताही बोलल्या नाहीत. शेरा वाचता येईल अशा बेतानं फायलीचं पान मात्र त्यांनी सरळ केलं.

साहेबांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, “मला हे काही आठवत नाही.”

“मला आठवतं,” बाई म्हणाल्या. “आणि तेव्हा तुम्ही बरोबर होतात. माझा आकडा तसाच होता.”

साहेबांनी फाईल मिटली. मग साहेबांनी घसा साफ करून तोडगा काढला, की हा नवा वेग फक्त संचालक दर्जासाठी धरावा. तथास्तूंची मान हलली. बाई म्हणाल्या, की विमान कोण बसलंय ते बघून हळू चालत नाही. लावायचा तर एक्केचाळीस अधिक एक. नाहीतर एकही नाही.

बेचाळीस माणसांना एकाच दिवशी न्याय देण्याची कुवत कोणत्याच महामंडळात नसते. साहेबांनी आपला लेखी आदेश परत मागून घेतला आणि त्याचे चार तुकडे केले. बाईंनी तुकडे मोजले, ही सवय. ढकलगाडी ज्या वाटेनं आली त्या वाटेनं परत गेली. तिचं एक चाक वाजत होतं. ते सगळ्या मजल्यांनी ऐकलं.

शुक्रवारी बदलीचा कागद आला. अंतर विभागाच्या बाईंना जप्तीच्या गोदामावर नेमण्यात येत होतं. दुकानदारांकडून उचललेले खोटे तराजू, पोकळ वजनं, तळाला मेण लावलेली मापं जिथं कोर्टाचा निकाल लागेपर्यंत पडून असत, ते गोदाम. गावाबाहेर, पत्र्याच्या छपराचं. निकाल सहसा लागत नसत. तिथं जाणारा माणूस निवृत्तीलाच परत येई. पण बदलीला एक अडचण होती. पन्नाशी ओलांडलेल्या कर्मचाऱ्याची बदली घरापासून पंचवीस किलोमीटरपलीकडे करता येत नसे. त्यामुळे कागदाबरोबर एक कोरा नमुना जोडला होता : कर्मचाऱ्याच्या घरापासून गोदामापर्यंतचं, गाडी जाऊ शकेल अशा सर्वांत जवळच्या रस्त्याचं अंतर अंतर विभागानं प्रमाणित करावं.

म्हणजे बाईंनी स्वतःच.

ही चूक नव्हती. नमुना घेऊन तथास्तू स्वतः आले होते. दार लोटून घेऊन त्यांनी आवाज उतरवला. आपण काही तुमचे शत्रू नाही, म्हणाले. पुलावरून गेलं तर गोदाम सव्वीस किलोमीटर आहे, बसही तिकडूनच जाते. तुम्ही सव्वीस लिहा. बदली आपोआप रद्द. साहेब एक शब्द बोलणार नाहीत. मग त्यांनी पृथ्वीगोलावर हात ठेवला आणि म्हणाले,

“थोडं इकडं, थोडं तिकडं. तुमचं जमलं की साहेबांचंही जमवून टाका. सगळेच सुखी.”

बाईंना हिशेब लख्ख कळला. टाकीखालची खुर्ची त्यांच्याच सहीनं त्यांच्याजवळ राहणार होती. फक्त त्या सहीनंतर दुसऱ्या सहीला नाही म्हणायला तोंड उरणार नव्हतं. ज्याची एक चोरी आपल्या हाती असते त्याला दुसरी चोरी सांगणं सोपं जातं. त्यांनी सोमवारपर्यंत मुदत मागितली. तथास्तूंना वाटलं, बाई पाघळल्या. गळ गिळायला माशालाही दोन दिवस लागतातच.

रविवारी सकाळी बाई यजमानांच्या स्कूटरवर मागे बसल्या आणि गोदामाकडे निघाल्या. जाताना पुलावरून गेल्या. सव्वीस किलोमीटर आणि वर शंभर मीटर. गोदामाच्या कुलपाला हात लावला, पत्र्यावर बसलेली कबुतरं बघितली. यजमान म्हणाले, बघ, सव्वीस. तथास्तू म्हणतो तेही खोटं नाही. चल, वाटेत चहा घेऊ.

पण येताना बाईंनी वीटभट्ट्यांच्या मागून जाणाऱ्या रस्त्याकडे बोट दाखवलं. यजमान म्हणाले, हा रस्ताच नाही. बाई म्हणाल्या, आपण त्यावर आहोत. यजमान म्हणाले, की इथून गाडी जात नाही, आणि नेमका तेव्हाच समोरून विटांनी भरलेला ट्रक आला. त्याला वाट द्यायला त्यांना स्कूटर चरात घालावी लागली. धुळीनं दोघांच्याही भुवया पांढऱ्या झाल्या. घराच्या पायरीशी आकडा बघितला : चोवीस किलोमीटर सहाशे मीटर.

यजमान बराच वेळ स्कूटर पुसत राहिले. मग पाठमोरेच म्हणाले, “चारशे मीटरचा तर प्रश्न आहे. मी सांगतो, आपण चरात गेलो त्यात आकडा चुकला. कोण विचारतंय?”

“मी विचारतेय.”

“रोज दोन बस बदलून जाशील. सात वर्षं. त्या पत्र्याखाली. कशासाठी? त्या माणसाच्या खुर्चीसाठी?”

“त्याला पलंग मिळाला तरी माझं काय जातं,” बाई म्हणाल्या. “बाबांच्या वेळी मी एकोणसाठ लिहिलं. एकाच मिनिटाचा प्रश्न होता तेव्हाही. आज जर इथं खोटं लिहिलं, तर तेव्हा खरं कशासाठी लिहिलं होतं मी?”

यजमानांनी फडकं पिळलं, वाळत टाकलं आणि आत जाऊन मशीनवर बसले. थोड्या वेळानं आतून आवाज आला, की गोदामात पत्र्यामुळे उकडेल, सुती कापडाची दोन सैल पोलकी शिवून ठेवतो, माप आहे माझ्याकडे.

सोमवारी बाईंनी नमुना भरला. निळ्या शाईनं, वहीत आणि कागदावर : चोवीस पूर्णांक सहा, वीटभट्टी मार्गे, गाडी जाते, ट्रक प्रत्यक्ष पाहिला. खाली सही. स्वतःच्या बदलीतली एकमेव अडचण त्यांनी स्वतःच्या हातानं दूर केली आणि कागद तथास्तूंच्या हाती न देता सरळ मोठ्या साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवला.

साहेबांनी आकडा दोनदा वाचला. आयुष्यभर त्यांनी माणसं पाहिली होती ती स्वतःकडे झुकतं माप घेणारी. त्यांच्याशी कसं बोलायचं हे त्यांना नीट ठाऊक होतं. हा नमुना त्यांच्या पेटीतल्या कुठल्याच वजनानं तोलला जाईना. शेवटी ते नुसतं म्हणाले,

“बाई, तुम्ही स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेताय.”

“पाय माझा आहे, साहेब. आणि धोंडाही मोजून घेतलाय.”

मग त्यांनी नोंदवही उघडून साहेबांपुढे ठेवली. दोन हजार सातशे चौऱ्याहत्तर किलोमीटर, तीन तास अठ्ठावन्न मिनिटं, खाली सही, सहीखाली फूटपट्टीनं मारलेल्या दोन रेघा. हा आकडा बदलायचा तर जुना आकडा वाचता येईल असाच खोडायचा आणि बदलणाऱ्यानं बाजूला आपलं नाव लिहायचं, हा नियम त्यांनी मोठ्यानं वाचून दाखवला. तो वाचायची खरं तर गरज नव्हती. पण केबिनचं दार उघडं होतं आणि बाहेर सगळा लेखा विभाग कान टवकारून उभा होता. त्यांचीही सोय झाली.

त्या वर गेल्या, खुर्चीखालचा कागद काढून खिडकीतून आलेल्या उन्हात बघितला, शाबूत होता, परत लावला. नव्या माणसानं डगमगू नये. पृथ्वीगोल पुसला. कपाटाची किल्ली पावती घेऊन तथास्तूंच्या हाती दिली आणि डबा उचलून निघाल्या. जिन्यात एक जण उभा होता, बटाट्यांवर पडलेला तो निरीक्षक. त्यानं बाईंची पिशवी घेतली आणि बस येईपर्यंत धरून उभा राहिला. ऑफिसच्या खिडक्यांमध्ये माणसं होती. कोणी हात हलवला नाही. पण खिडकीतून हललंही कोणी नाही, आणि पगारी माणसाकडून याहून मोठं बंड मागणं बरं नव्हे.

मंगळवारी अंतर विभागाचा अतिरिक्त कार्यभार तथास्तूंकडे आला. त्याच दुपारी जुना आकडा खोडून दोन हजार आठशे किलोमीटर, चार तास शून्य मिनिटं अशी नोंद झाली. बाजूला त्यांनी आपलं नाव बारीक अक्षरात लिहिलं. नाव मात्र वाचता येत होतं. नुसती मान हलवून न भागणारं हे त्यांच्या आयुष्यातलं पहिलंच काम होतं. प्रमाणपत्र टाचून फाईल तळघरात तिकीटवाल्याकडे गेली.

तळघरातल्या या माणसाकडे फाईल सर्वांत शेवटी जायची, यालाही नियम होता. पूर्वी लोक आधी चांगली खुर्ची धरून ठेवत आणि मग अंतरासाठी बाईंच्या डोक्यावर बसत. म्हणून ठरलं होतं, की प्रमाणपत्र जोडल्याशिवाय तिकीटवाल्यानं कोणत्याही विमानाची, कोणत्याही आसनाची चौकशीसुद्धा करायची नाही. तिकीटवाला नियमानं चालणारा माणूस होता. त्यानं दहा दिवस चौकशी केली नव्हती.

बुधवारी सकाळी गोदामातला फोन वाजला. बाई शिडीवर होत्या. कोपऱ्यातल्या तीनशेएक तराजूंना लावलेल्या चिठ्ठ्या उंदरांनी खाल्ल्या होत्या आणि त्या नव्या लिहून बांधत होत्या. अंगात नवं सैल पोलकं होतं आणि तरीही उकडत होतं. त्या उतरल्या, हात पुसले, फोन घेतला. तिकीटवाला होता. त्याला एक अडचण होती आणि ती कोणाला सांगावी हे कळत नव्हतं; साहेबांना सांगायची छाती होत नव्हती आणि तथास्तू फोन उचलत नव्हते. बाईंनी विचारलं, की प्रमाणपत्रात काही चूक आहे का. तो म्हणाला, की नाही, प्रमाणपत्र जोडलेलं आहे, म्हणूनच त्यानं आज पहिल्यांदा चौकशी केली.

त्या मार्गावर एकाच कंपनीचं विमान जातं. त्यात एकशे ऐंशी खुर्च्या आहेत, सगळ्या एकाच मापाच्या, आणि त्यातली एकही मागे झुकत नाही.